कढई न चढलेलं घर

२२ जून, फुलचूर

आज लेकीशी, दिव्याशी, पोटभर बोलणं झालं. आईची तब्येत विचारून झाल्यावर मीच तिला म्हटलं, तुझ्या प्रयोगशाळेत काय चाललंय ते दाखव. पुण्यात ती स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी काचेच्या बशीत वाढवते. त्यांना वेगवेगळी फॅटी ॲसिड पाजते आणि कोणत्या पेशी जागा सोडून पळतात ते बघते. हा विषय तिने घेतला तेव्हा तिच्या आईला, सुलोचनाला, गाठ वगैरे काही नव्हती. मी तेव्हा म्हटलं होतं, यात नोकरी कुठे आहे? आता तोच विषय आमच्या घरात राहायला आला आहे.

तिने फोनवर दोन चित्रं दाखवली. डावीकडच्या पेशींना काही दिलं नव्हतं, त्या जागच्या जागी होत्या. उजवीकडच्यांना पामिटिक आम्ल दिलं होतं, त्या बशीतल्या जाळीच्या बारीक छिद्रांतून पलीकडे उतरल्या होत्या. मी विचारलं, हे आम्ल असतं कशात? ती म्हणाली, पामतेलात, तुपात, थोडंथोडं सगळ्याच तेलांत. काही प्रकारच्या कॅन्सरला दुसरं एक आम्लही मानवतं, ते सोयाबीन-सूर्यफुलाच्या तेलात असतं. मासे आणि जवसातलं वेगळं, ते उलट पेशींना आवरतं असं काही जण म्हणतात.

मग माझा चेहरा बघून म्हणाली, "बाबा, ही काचेची बशी आहे, आईचं ताट नाही. ताटाबद्दल आम्हाला अजून पक्कं काहीच माहीत नाही."

लेकरांना वाटतं बापाला काही कळत नाही. सडक अर्जुनीच्या शाळेत पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलंय मी. एप्रिलमध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, उजवा स्तन काढला, पण काखेतल्या गाठींमध्ये रोग पोचला होता. एखादी पेशी तिथून सुटून अंगात कुठे बसली असेल तर तिला मारायला हे केमोचे डोस. म्हणजे सुटलेली पेशी आहे असं धरूनच चालायचं. मग तिला माझ्याच स्वयंपाकघरातून खाऊ मिळतोय का, हे मी बघायचं नाही तर कोणी?

२४ जून

स्वयंपाकघर साफ केलं. तेलाचं पिंप, तूप, शेंगदाणे, खोबरं, तीळ, सगळं काढलं. जवसाची चटणी हातात घेऊन थोडा थांबलो, पण 'काही जण म्हणतात' यावर मी बायकोचा जीव टांगणार नाही. संशय आला की गुण कापायचे ही माझी पद्धत. अंडी बंद, दूध साय काढून. सगळा माल शेजारच्या मुन्नालाल किराणावाल्याच्या सुनेला, रिंकूला देऊन टाकला. ती बघतच राहिली.

सुलोचनाने विचारलं, "मंग फोडनी कशाची देऊ?"

"पाण्याची."

ती हसली. तिला वाटलं मी मस्करी करतोय.

नंतर मी तिला समोर बसवून सगळं समजावलं, कागदावर पेशी काढून दाखवली. तिने नीट ऐकून घेतलं. पण तिच्या हाताला चोरून चाखायची सवय आहे हे मला माहीत आहे, म्हणून तिला दिव्याची आण घातली. माझ्या परवानगीशिवाय तेलातुपाचा कण तोंडात घालायचा नाही. तिने कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाली, "पोरीची आन कायले घालता? सांगतलं असतं तरी आयकलं असतं मी."

पण घेतली. आता मला स्वस्थ झोप लागेल.

१० जुलै

आज आखाडी, आषाढाची पौर्णिमा. गल्लीत घरोघरी कढया चढल्या आहेत, वड्यांचा वास थेट आत येतो. खिडक्या लावून घेतल्या.

सुलोचना म्हणाली, "आखाडीले कढई नाई चढली त लोक काय म्हनतीन?"

म्हटलं, लोक आपल्या चुलीत डोकवायला येत नाहीत. भात, उकडलेला दोडका, मीठ घातलेलं वरणाचं पाणी. मीही तेच खातो, तिला एकटीला शिक्षा नको. खरं सांगायचं तर माझंही पोट दुपारी चारपासून ओरडतं. पण मी निरोगी माणूस आहे, मला सोसतं.

हल्ली दुपारी ती रिंकूकडे सीरियल बघायला जाऊन बसते. बरं आहे, मन रमतं. पूर्वी सीरियलचा तिला तिटकारा होता, आजारपणात आवडी बदलतात.

१२ जुलै

नागपूर. चौथा डोस झाला. डॉक्टरांनी विचारलं, "काय काय खाता?"

सुलोचना म्हणाली, "सगळंच खातो जी."

मला जरा लागलं. मी एवढा अभ्यास करून आहार ठरवला, त्याचं नावही हिने घेतलं नाही. पण चारचौघांत टोकणं बरं दिसलं नसतं. वजन थोडं उतरलंय, डॉक्टर म्हणाले लक्ष ठेवा. परतीच्या गाडीत समोरच्या बाईने डबा उघडला. पुऱ्या होत्या. सुलोचना गोंदिया येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती.

२८ जुलै

मला भीती वाटते आहे. कोणाजवळ बोलता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. पाठ दुखते म्हणते. जिन्याच्या तीन पायऱ्या चढली की भिंत धरते. काल अंघोळीला जाताना तिच्या पाठीची हाडं दिसली. वजन झपाट्याने उतरणं, हाडं दुखणं, थकवा. मी वाचलंय, रोग पसरला की असंच होतं. म्हणजे पेशी पलीकडे गेल्या. जाळीच्या पलीकडे उतरलेले ते ठिपके डोळ्यांपुढून हलत नाहीत.

कुठून मिळतंय त्यांना? सगळं बंद केलं तरी? सायीशिवायच्या दुधातही थोडा अंश राहतोच. उद्यापासून दूध पूर्ण बंद.

तिला यातलं काही सांगितलं नाही. तीही काही म्हणत नाही. ताट समोर ठेवलं की हात जोडून खाते, उष्टं टाकत नाही. एवढी गुणी रोगी कोणाला मिळेल? आणि तरी ती माझ्या डोळ्यांदेखत वितळत चालली आहे.

२ ऑगस्ट

आजचा डोस दिला नाही.

रक्तातलं प्रथिन खाली, पांढऱ्या पेशी खाली, वजन तर विचारूच नका. डॉक्टर म्हणाले, या अंगाला आज औषध दिलं तर औषधच मारेल. एवढं वजन का जातंय ते बघायला हवं, अंगभर स्कॅन करू. 'पसरला' हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. मीही नाही. सुलोचना म्हणाली, "मंग आज सुई नाई? बरं झालं बाई." आणि खुर्चीवरून उठताना तिने माझा खांदा धरला, तेव्हा तिच्या हाताला काही वजनच नव्हतं.

डोस लांबला की सुटलेल्या पेशींना मोकळं रान. हे मला कळतं. तिला कळतं की नाही, माहीत नाही.

९ ऑगस्ट

राखी. माझी चुलत बहीण बायजाबाई दरवर्षी नवेगाव बांधहून स्वतः येते. या वर्षी भाताची रोवणी लांबली म्हणून गावच्या टिकारामच्या हाती राखी आणि कानोल्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा पाठवला. सुलोचना आत झोपली होती, तिला उठवलं नाही.

टिकाराम म्हणजे तोंडाला कुलूप नसलेला माणूस. पण आज आला आणि दारातच चपापला. माझी दाढी वाढलेली, घरात सगळं चिडीचूप, चूल थंड. मी डबा परत केला. म्हटलं, "बाईला सांग, रागावू नको. आमच्या घरी सध्या तेलातलं चालत नाही. आखाडीलाही कढई चढली नाही."

त्याचा चेहरा उतरला. वहिनीची तब्येत विचारायलाही त्याला सुचलं नाही. पाणीसुद्धा न घेता, दोन मिनिटं खाली मान घालून बसला आणि उठला. जाताना माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला, "येतो सर." त्याचे डोळे भरले होते. या खेड्यातल्या माणसाला न सांगता आमचं दुःख कळलं, याचं नवल वाटलं.

११ ऑगस्ट

उदारामचा फोन. बायजाबाईचा नवरा. फोन करायची याला कधी सवय नाही.

म्हणाला, "धीर धर गा भैया. आपल्या हाती काई नसते."

म्हटलं, "काय सांगू भाऊजी, सगळं अचानकच झालं."

"त आमाले सांगाले पायजे होतं ना. परक्यावानी केलं तू. बाई लय रागात आहे, दोन दिवस झाले बोलून नाई राहिली."

डोस लांबल्याचं यांना कोणी सांगितलं असेल? बहुधा दिव्याने. आणि एवढ्याशा गोष्टीवर बाईने अबोला धरायचा म्हणजे कमाल आहे. मी म्हटलं, सगळं नागपुरातच झालं, कोणाला कळवायला वेळच नव्हता. त्याने पलीकडे कोणाला तरी 'नागपुरातच झालं' असं सांगितलेलं ऐकू आलं. मग म्हणाला, "पोळ्याले येतो आमी. कराचं ते करूनच जाऊ. तू सोताले सांभाळ."

माणसं चांगली आहेत, पण आमच्या घराण्यात सगळ्यांनाच नाटक फार.

१३ ऑगस्ट

स्कॅनचा निकाल आला. रोग कुठेही पसरलेला नाही. फुप्फुस, यकृत, हाडं, सगळं स्वच्छ.

मी देवाला मानत नाही, पण तिथल्या तिथे हात जोडले. सुलोचनाने पदराने तोंड पुसलं.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. "मग वजन कशानं गेलं?" त्यांनी कागद पुन्हा उलटले. "खरंच सगळं खाता?"

ती म्हणाली, "खातो जी."

मग डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी त्यांना माझा आहार सांगितला. सुरुवात अभिमानानेच केली, पेशी, पामिटिक आम्ल, जाळी. पण सांगता सांगता माझं मलाच ऐकू यायला लागलं. भात. दोडका. वरणाचं पाणी. दूध बंद. 

डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "सर, कॅन्सरने नाही, यांना भुकेनं आणलंय इथं." सोमवार, पंचवीस तारखेपर्यंत मुदत दिली आहे. तोवर ती नीट जेवायला लागली, रक्त वर आलं, तर डोस. नाहीतर पुढचा विचार वेगळा करावा लागेल. वेगळा म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

१४ ऑगस्ट

दिव्याला सांगितलं. 

"बाबा, मला विचारायचं तरी."

"तुलाच तर विचारलं होतं."

मग ती रडत रडत सांगत होती आणि मी ऐकत होतो. पामिटिक आम्ल शरीर स्वतः बनवतं, नुसत्या भातापासूनसुद्धा. आणि माणूस उपाशी राहिला की साठवलेली चरबी तुटते आणि तीच फॅटी ॲसिड रक्तात सुटतात. हे वाक्य मी स्वतः फळ्यावर लिहिलेलं आहे. मी तेलाचं पिंप दाराबाहेर काढलं आणि तिच्या अंगातलं तेल तिच्याच रक्तात ओतत बसलो. त्याने पेशींचं काय झालं असेल, हे दिव्यालाही सांगता येत नाही. स्कॅनमध्ये न दिसणारं कोणालाच सांगता येत नाही. हे आता मला जन्मभर बरोबर घेऊन राहायचं आहे.

संध्याकाळी रिंकूकडे तेल परत मागायला गेलो. ती म्हणाली, "अंकल, आंटीजी सीरियल कहाँ देखती हैं? किचन में पाटा लेके बैठती हैं. बोलती हैं, तू तड़का लगा, मैं बस सूँघूँगी. मैंने पराठा दिया तो हाथ जोड़ दिए. बोलीं, बेटी की कसम है."

तेल न घेताच मी मागे फिरलो.

घरी येऊन सुलोचनाला म्हटलं, आण सुटली, आता काहीही खा. ती म्हणाली, "बरं." रागावली असती तर मी पाय धरले असते. नुसतं बरं म्हणाली.

१९ ऑगस्ट

ती खात नाही.

आण सुटली, तेल आलं, तूप आलं, तलावातले मासे आणवले, अंडी, दूध, चटणी. रिंकू डबे पाठवते. सुलोचना दोन घास घेते आणि ताट सरकवते. काल तुपाची फोडणी दिली तर तिला उमासे आले. ज्या वासासाठी शेजारच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायची, त्याच वासाने.

मी चिडलो. चुकीचं होतं, पण चिडलो. म्हटलं, "सोमवार जवळ आला आहे, तुला समजतं का?"

"समजते. पन मले भूकच नाई लागून राहिली. सवय गेली जी."

मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तुमी येवढे भेले होते, मले वाटलं डाक्टरनं तुमाले एकट्याले सांगतलं असन का ही काई वाचत नाई. म्हनून तुमी तसं करून राहिले. मंग खाऊन तरी काय कराचं होतं?"

म्हणजे दोन महिने ती माझ्या शेजारी झोपून मरायची तयारी करत होती. आणि मी तिला गुणी रोगी म्हणत होतो.

२२ ऑगस्ट, पोळा

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहितो. 

दुपारी पडवीत सुलोचना खाटेवर बसली होती. केस गेलेलं डोकं पदराने झाकलेलं, समोर पेज, तिने न शिवलेली. बाहेर ऑटो थांबला. आणि फाटकापासूनच बायजाबाईचा हंबरडा ऐकू आला.

"माही सुलोचना वो! मले न भेटताच गेली वो माय! आता या घरी कोनाच्या हातचं पानी पिऊ वो!"

ती छाती पिटत आत आली. मागे उदाराम, टोपी काढून हातात घेतलेला, दुसऱ्या हातात तेलाचा डबा. त्याच्या मागे टिकाराम, डोक्यावर भिजवून वाटलेल्या डाळीचं पातेलं. मला तरीही काही कळेना. मग ते पातेलं आणि तो डबा एकदम डोळ्यांत भरला. आमच्याकडे घरात मयत झालं की त्या घरची कढई चढत नाही. पहिला सण आला की भाऊबंद स्वतःचं तेल, स्वतःचं पीठ घेऊन येतात, तेच कढई चढवतात, आणि तेव्हा कुठे घर पुन्हा सणात येतं. आखाडीला कढई नाही. राखीला कानोले परत. दाढी वाढलेला पुरुष, थंड चूल, बायको दिसत नाही. 'तेलातलं चालत नाही.' टिकारामने गावात जाऊन काय सांगितलं असेल, ते मला आज कळलं. मेलेल्या माणसाची तब्येत कोण विचारतं?

पडवीत पाऊल टाकलं आणि बायजाबाईला खाट दिसली. तिचं रडणं तिथेच थांबलं. ती मटकन खाली बसली. टिकारामने पातेलं तसंच धरून ठेवलं होतं.

सुलोचना सगळ्यांकडे बघत होती. मग म्हणाली, "रड ना बाई. थांबली काऊन? आनखी काय काय चांगलं म्हनते माह्याबद्दल, आयकू दे मले."

"तू... तू जित्ती आहेस वो?"

"मले तरी तसंच वाटते."

बायजाबाई गुडघ्यांवर सरपटत खाटेपाशी गेली, तिचे पाय, हात, गाल चाचपले आणि पुन्हा रडायला लागली, आता वेगळं. मग उठली आणि माझ्याकडे वळली. "का गा भैया? घरचं मानूस जित्तं असून कढई कायले नाई चढवली?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पेशी, आम्ल, जाळी, सगळं बाजूला ठेवलं. मी म्हटलं, "भेलो होतो बाई." आमची घरची बोली माझ्या तोंडून कित्येक वर्षांनी निघाली.

सुलोचना म्हणाली, "आनलंच आहे त चढवा आता. डाळ आंबून जाईन."

रिंकूही धावत आली होती. पडवीतच चूल मांडली. सुलोचना तिथेच बसून राहिली. वास आल्यावर तोंड फिरवेल म्हणून मी तिच्याकडे बघत होतो. तिने नाही फिरवलं. कपाळाला आठी होती, रागाची. एवढ्या दिवसांत तिचा राग मी पहिल्यांदा बघितला.

पहिला वडा निघाला. रीत अशी की तो ज्याचं माणूस गेलं त्याच्या तोंडात घालायचा, म्हणजे त्याचं सुतक फिटतं. बायजाबाईचा हात सवयीने माझ्याकडे आला आणि मधेच थांबला. जीभ चावून ती वडा परत टोपल्यात टाकणार, तेवढ्यात सुलोचना बोलली.

"दे त्याईलेच. सुतक त्याईनंच धरलं होतं."

 बायजाबाईने वडा माझ्या तोंडात घातला. गरम होता, जीभ भाजली.  मी सगळ्यांसमोर, टिकारामसमोरसुद्धा, रडायला लागलो, आणि कोणी मला उगी केलं नाही.

"इकडे आन, मले दे आता," सुलोचना म्हणाली. "मी काई मेली नाई."

तिने वडा फुंकून फुंकून, बारीक तुकडे करून खाल्ला. उमासा आला असावा, कारण ती मधे डोळे मिटून थांबली. मग पुन्हा खायला लागली. मी रडत होतो आणि ती खात होती. संपल्यावर तिने बायजाबाईपुढे ताटली धरली आणि दुसरा मागून घेतला.